न रडण्याचं बक्षीस

वहिनी, त्या लेखातली बाई तुम्हीच होतात.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. दादाला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही. तुम्ही मला सरळ विचारलं होतं. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसला होतात, वर न पाहता म्हणालात, "भाऊजी, ते बाई कोन?" मी म्हणालो, पैनगंगेपलीकडची आहे, तुमच्या ओळखीची नाही. तुम्ही हातातली शेंग सोललीत, दाणे टोपलीत टाकलेत आणि म्हणालात, "हो का? बिचारी."

तुमची तेरवी होऊन आठ दिवस झाले. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं की नाही, हे आता विचारता यायचं नाही. मला वाटतं, कळलं होतं. न कळता कुणी इतकं हळू 'बिचारी' म्हणत नाही.

ज्या मासिकात तो लेख छापून आला होता, त्याच मासिकाला हे पाठवतो आहे. म्हणून वाचणाऱ्यांना तुम्ही कोण हे सांगायला हवं. तुम्ही माझ्या थोरल्या भावाची बायको, गिरजाबाई. मी सातवीत होतो तेव्हा तुम्ही आमच्या घरी आलात. आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याकडच्या आपल्या गावात कुणाच्या घरी मयत झाली की बाया आधी तुमच्या दारात जमत. तुम्ही निघाल्याशिवाय कुणी निघत नसे. पदर खोचून तुम्ही वेचणीला निघाल्यासारख्या चालायच्या. वाटेत कापसाच्या, लेकीसुनांच्या गोष्टी व्हायच्या, कधी हसणंही व्हायचं. त्या घराचं फाटक आलं की तुमचा रडण्याचा हेल सुरू व्हायचा. तुम्ही नुसत्या रडत नव्हत्या, गेलेल्या माणसाशी बोलत होत्या. त्यानं लावलेल्या लिंबाच्या झाडाबद्दल, अर्धवट राहिलेल्या कुंपणाबद्दल, त्याच्या बोलण्यातल्या एखाद्या खोडीबद्दल. बाकीच्या बाया तुमच्यामागून गळा काढत, घरच्या बायांच्या गळ्यात पडत. थोड्या वेळानं कुणीतरी पाणी आणी, तोंडं धुतली जात, आणि कोण कोण यायचं राहिलं याची चौकशी सुरू होई.

मी शिकून मास्तर झालो, आदिलाबादला लागलो, तिथंच लगतच्या मावल्यात घर बांधलं, आणि मला या सगळ्याची लाज वाटायला लागली. जे फाटकापाशी सुरू होतं आणि पाण्याच्या तांब्यापाशी संपतं ते खरं कसं असेल, असं मी बायकोला, सुनीताला, म्हणायचो. ती म्हणायची, तुम्हाला बाया कळत नाहीत. विषय तिथंच संपायचा.

मग सुनीता गेली.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही, म्हणजे मी बोललो नाही. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. शाळेतले सगळे आले होते, हेडमास्तर, तेलुगु माध्यमाचे मास्तर, शेजारचे दोघं-तिघं. ती ओसरीत होती. मी खांबाला टेकून उभा होतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होतो, सकाळी बरी होती, चहा घेतला, मग म्हणाली कसंतरी होतं. गावाकडून टेम्पो आला. तुम्ही फाटकातून आत आलात आणि तुमचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"माय सुनीता, भाऊजीची भाजी आता कोन वेगळी काढन वं माय! त्याईले तिखट चालत नाई हे आता कोनाले ठाऊक राह्यलं वं!"

ते खरं होतं. तेरा वर्षं ती फोडणीत तिखट टाकण्याआधी माझी वाटी बाजूला काढायची. ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत असेल असं मला वाटलंही नव्हतं. तुम्ही ती सगळ्या अंगणासमोर सांगितलीत आणि माझ्या छातीत काहीतरी वर चढायला लागलं. मी घाबरलो. तुम्ही तिच्याजवळ थांबला नाहीत, सरळ माझ्याकडे आलात. माझं तोंड दोन्ही हातांत धरलंत आणि माझ्याकडे पाहून रडत राहिलात. मी तुमचे हात काढले.

"वहिनी, हे नाटक बंद करा. लोक पाहून राह्यले."

आवाज चढवला नव्हता, हळूच म्हणालो होतो. पण मागच्या दोन बायांना ऐकू गेलं. तुम्ही तिथल्या तिथं थांबलात. पदर तोंडाला लावलात आणि मागच्या अंगणात जाऊन सगळ्यांसाठी पाणी भरायला लागलात. तुम्ही थांबल्यावर बाकीच्याही थांबल्या. तेवढ्यात हेडमास्तर शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला म्हणाले, "सर की हिम्मत माननी पड़ेगी." ते मला ऐकू आलं आणि मला बरं वाटलं. वहिनी, बायको ओसरीत होती आणि मला बरं वाटलं. न रडण्याबद्दल मिळालेलं ते माझं पहिलं बक्षीस.

त्यानंतर तुम्ही कुणाच्याच घरी हेल काढला नाही. गावात विचारलं तर सांगायच्या, घसा गेला. मयतीला जायच्या, भांडी घासायच्या, भाकरी थापून द्यायच्या, आणि गप्प बसायच्या. घसा गेल्याची गोष्ट दादालाही खरी वाटत होती. खोटी आहे हे तुम्हाला माहीत होतं आणि मला.

चार वर्षांनी एक सिनेमा आला. आपल्याकडच्यासारखंच गाव, विहिरीचं खोदकाम करताना एका बाईचा नवरा जातो, आणि त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत ती बाई रडत नाही. काम करणारी नटी शहरातली. तिला त्या वर्षी अभिनयाचं मोठं बक्षीस मिळालं. सगळीकडे एकाच प्रसंगाबद्दल लिहून येत होतं. ती विहिरीच्या काठावर उभी आहे, लोक नवऱ्याला वर काढत आहेत, कॅमेरा फक्त तिच्या तोंडावर, आणि कितीतरी वेळ त्या तोंडावर काहीच हलत नाही. मी तो प्रसंग एकट्यानं पाच वेळा पाहिला. मग लेख लिहायला बसलो.

लोकांना वाटलं, मास्तरांना सिनेमातलं कळतं. मला सिनेमातलं फार कळत नाही. मी साक्षीदार शोधत होतो. मी सुनीतासाठी रडलो नव्हतो. तेव्हाही नाही, नंतरही नाही, एकटा असतानाही नाही. अशा माणसाला दगड म्हणतात. आणि इथं एक बाई दगडासारखी उभी होती आणि शहाणी माणसं तिला संयम म्हणत होती, टाळ्या वाजवत होती. बक्षीस तिला मिळालं आणि सुटका माझी झाली. तिचा अभिनय बक्षिसाच्या लायकीचा आहे हे मला पटवून द्यायचंच होतं, कारण तो नसेल तर मग मी कोण?

पटवून द्यायला उलटं उदाहरण लागतं. मी लिहिलं, 'आमच्या भागातली एक बाई मला आठवते. फाटकापाशी येताच बटण दाबल्यासारखा तिचा आवाज सुरू होई आणि पाणी आलं की बटण दाबल्यासारखाच बंद. दुःखाचा एवढा मोठा अभिनय पाहिल्यावर या नटीच्या न रडण्याची किंमत कळते.' त्या वर्षीचा चांगला लेख म्हणून मासिकानं मला बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. ती ओळ व्यासपीठावरून वाचून दाखवली तेव्हा लोक हसले. मीही हसलो.

गावातल्या मास्तरांनी तो अंक आपल्या ओट्यावर वाचून दाखवला, तेव्हा तुम्ही घरातच होता. त्याच आठवड्यात तुम्ही मला तुरीच्या शेंगांपाशी तो प्रश्न विचारलात.

मग तुमच्या डोळ्याचं आपरेशन झालं. आठ दिवस तुम्ही मावल्याला माझ्याकडे राहिलात. काळा चष्मा लावून खाटेवर बसायच्या आणि म्हणायच्या, आता मी बी तुमच्या सिनेमातली दिसून राह्यली. चौथ्या दिवशी दुपारी मी टीव्हीवर तो सिनेमा लावला. वेळ जावा म्हणून लावला असं मी म्हणालो. ते खोटं होतं. तुम्ही तो पाहावा आणि त्या दिवशी अंगणात मी जे केलं त्यालाही काही नाव आहे, मान आहे, हे तुम्हाला कळावं, अशी माझी इच्छा होती. माफी मागण्यापेक्षा ते मला सोपं वाटलं.

तुम्ही एका डोळ्यानं सगळा पाहिलात. मध्ये एकदाच बोललात. नवरा गेल्याच्या दुसऱ्या दिवसाचा प्रसंग होता. कुणीतरी पाहुणा येतो आणि विचारतो, कसं झालं? ती सांगते. आधीच्या पाहुण्याला ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत, त्याच जागी थांबून, पाठ केलेल्या धड्यासारखं. मला तो प्रसंग आठवतही नव्हता. कुणी त्याबद्दल लिहिलेलं नव्हतं, मीही नाही. तुम्ही खाटेवर सरसावून बसलात.

"हे खरं हाय. दहाव्यांदा सांगतानी असंच होते. इथं द्या बाईले बक्षीस."

मला खांबाला टेकलेला मी दिसलो. सकाळी बरी होती, चहा घेतला.

सिनेमा संपल्यावर मी विचारलं, कसा वाटला? तुम्ही म्हणालात, बाई गुणाची आहे, तिचं काही चुकलं नाही, पण त्या विहिरीपाशी तिला बक्षीस कशाचं दिलं? मी सांगायला लागलो. रडून दाखवणं सोपं असतं, वहिनी, न रडता दुःख दाखवणं अवघड, मोठे जाणकार बसून ठरवतात, वगैरे. शाळेत सांगतो तसं सांगत होतो. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात:

"ते नाई रडली, मानलं. राहते एखादी तशी. पन तिची जाऊ कुठं होती? शेजारीन कुठं होती? एवढं गाव जमलं विहिरीवर, एका बाईनं तिले धरलं नाई? असं कोनतं गाव हाय, भाऊजी?"

मी म्हणालो, सिनेमात तसं दाखवावं लागतं, ती एकटी पडली आहे हे कळायला.

"मंग ते एकटी नाई पडली. तिले डायरेक्टरनं एकटी पाडलं."

मला हसू आलं, तुम्हीही हसलात आणि डोळ्याला ताण पडला म्हणून चष्म्याखाली हात नेलात. मी हात धरला, डॉक्टर नाही म्हणाले होते. त्यानंतर तुम्ही जे बोललात ते मी जसंच्या तसं लिहितो.

"संयम म्हनता तुमी त्याले. आमी म्हनतो मानूस आतून आवळून बसला. त्याचं त्याले सुटत नाई. चार जनीनं जाऊन सोडवा लागते. मी घरून निघतानीच आठवत जाओ, गेलेल्या मानसाचं खरं काय होतं. खोटं बोलून रडता येत नाई, कोनी रडत नाई त्याच्यानं. मंग मी पाहो, रडत नाई ते कोन हाय. तिच्यापाशीच जाओ. बाकीच्याईसाठी नाई राहत ते."

टीव्हीवर नावं संपून पडदा काळा झाला होता.

"नाटकच होतं ते, भाऊजी. तुमच्यासाठी होतं."

रागानं नाही म्हणालात. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा म्हणालात. तिथं मला बोलायचं होतं. 'वहिनी, चुकलं,' एवढे दोन शब्द पुरले असते. लेखातली बाई तुम्हीच, हेही तेव्हाच सांगता आलं असतं. मी उठलो आणि म्हणालो, चहा करतो.

चहा पिताना मात्र आपण भांडलो, आणि त्या भांडणाबद्दल मी तुमचा आभारी आहे. तुम्ही विषय तिथं सोडला नाहीत, मला बोलता येईल अशा जागी आणून ठेवलात. बक्षीस विहिरीचं की पाहुण्याला सांगण्याचं? पुढची दोन वर्षं फोनवरसुद्धा ते चालू होतं. कुठल्या नव्या नटाला बक्षीस मिळाल्याचं टीव्हीवर आलं की तुमचा फोन यायचा, "याले कुठल्या जागी देल्लं, पाहून सांगा." मी पाहायचो आणि सांगायचो. बहुतेक वेळा ते ओरडण्याच्या नाहीतर न ओरडण्याच्या जागी दिलेलं असायचं. लांबून, अंधारात बसून ज्या जागा दिसतात त्या जागी. तुम्ही म्हणायच्या, देणाऱ्यांचाही दोष नाही, त्यांना फक्त तोंड दिसतं, भवतालची माणसं दिसत नाहीत.

तुमचं सगळं मला पटलेलं नाही, वहिनी. आज तुम्ही नाही म्हणून पटलं असं म्हणणार नाही. ते विहिरीपाशी उभं असलेलं तोंड खरं आहे. मला माहीत आहे, मी आतून तसाच उभा होतो. त्या नटीनं ते कुठून आणलं कुणास ठाऊक, पण आणलं, आणि त्याचा मान तिला मिळाला यात चूक नाही. चूक आमची, पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांची. तिचं दुखणं दिसलं आणि आम्ही त्याला गुण म्हणालो. तिच्याकडे कुणी गेलं नाही हे आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. एका डोळ्यानं पाहणाऱ्या तुमच्या लक्षात आलं.

हे मी तुम्हाला फोनवर सांगणार होतो. कापूस वेचणीची घाई होती, तुम्ही शेतातून दमून यायच्या, म्हटलं वेचणी होऊ द्या.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी फाटकातून आत आलो तेव्हा घर गच्च भरलेलं होतं आणि आवाज नव्हता. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदरानं डोळे पुसत होत्या, कुणी हळू आवाजात फोनवर गाडी कुठं आली विचारत होती. सुरुवात कुणी करायची हे कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही थांबल्यावर गावातल्या नव्या सुनांना ते कुणी शिकवलंच नाही. शहाण्या घरातल्यासारखी तुमची मयत शांतपणे झाली. मला एकेकाळी हेच हवं होतं.

दादा तुमच्या पायाशी बसला होता. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, दोन दिवस अंग गरम होतं, बेल्याला दाखवलं, गोळ्या घेतल्या, सकाळी उठली नाही. मी त्याला चार जणांना सांगताना ऐकलं. त्याच शब्दांत, 'गोळ्या घेतल्या'वर तसाच थांबून. पाचव्यांदा सांगायला लागला तेव्हा मी बाहेर गेलो.

तो रडलेला नाही. तेरवीपर्यंत नाही, आजपर्यंत नाही. जेवतो, ढोरांना पाणी दाखवतो, शेतावर जातो. तेरवीच्या पंगतीत सोयरे म्हणत होते, दादा लय खंबीर गडी. तुम्ही असत्या तर त्या शब्दावर उठून सरळ त्याच्याकडे गेल्या असत्या.

तुम्ही नव्हता, म्हणून मी गेलो. पंगत उठल्यावर त्याच्याजवळ ओट्यावर बसलो. मला तुमच्याबद्दल एक खरी गोष्ट बोलायची होती, तुम्ही सुनीताच्या वेळी माझ्या वेगळ्या भाजीची सांगितलीत तशी. आणि वहिनी, मला सापडली नाही. तुमच्या हातच्या भाकरी खाऊन मी मास्तर झालो, आणि तुम्हाला स्वतःला काय आवडायचं हे मला सांगता येईना. लेखातलं वाक्य मात्र पाठ होतं. शेवटी मी एवढंच म्हणालो, "दादा, वहिनी गेल्या."

तो म्हणाला, "हो. तू चहा घेतला का?"

मी हो म्हणालो आणि मावल्याला परत आलो.

तेव्हापासून मी विचारतो आहे. तुमच्या माहेरी तलमडुग्याला जाऊन आलो, तुमच्या बहिणीशी बोललो. शेजारणींशी बोललो. काही गोष्टी हाती लागल्या आहेत. आपरेशननंतर तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नव्हता आणि दादा रोज सकाळी शेतावर जाण्याआधी चार सुया ओवून उशीत टोचून ठेवायचा, हे मला परवा कळलं. ते त्याच्यासमोर मोठ्यानं बोलायचं म्हटलं की मी अजून आतून आवळून बसतो. लोक असतील, पाहतील, मास्तरांना काय झालं म्हणतील. पाहू देत.

माफीचं हे मी छापायला देतो आहे, तेवढं या कागदानं होईल. त्यापुढचं कागदानं होण्यासारखं नाही. दादाला रडवायचं आहे, आणि त्याच्याआधी मला रडावं लागेल. तुमचं माझ्याकडे एवढं राहिलं आहे.